फळीवरचे फोन

विडीसाठीच्या तेंदूपत्त्याच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. पाने उन्हात वाळत असतात, माणसे सावलीत बसलेली असतात, आणि बसलेल्या माणसाला संशय येतोच!

मी राजुऱ्याकडे एका ठेकेदाराच्या गोदामात कामाला आहे. त्यांना सगळे शेठ म्हणतात. नववीत शाळा सुटली, मग मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसलो, एवढंच माझं शिक्षण. शेठ म्हणाले, "साऱ्या मुन्शायले स्मार्टफोन द्याचे हायेत. मॉडेल तू निवड." फळी म्हणजे पाने विकत घेऊन वाळत घालायची मोकळी जागा, आणि ती सांभाळणारा तो मुन्शी. रोज फळीचा फोटो पाठवायचा, लोकेशन चालू ठेवायचं.

त्या दिवसापासून मी दिसलो की मुन्शी लोकांच्या गप्पा बंद! "चूप बे, शेठचा कान आला." मी आधीच कमी बोलणारा. ज्यांच्यासोबत जेवायचो, त्यांनीच डबे घेऊन पाठ फिरवली. फार लागलं ते.

*

फोन घ्यायला चंद्रपूरला गेलो. माझ्यावर नजर ठेवायला म्हणून मुन्शी लोकांतले कवडूभाऊ सोबत आले. दुकानदार म्हणाला, "कॅमेरा पाहा, अंधारातही दिसते!"

"याच्यात शेठ दिसते का?" कवडूभाऊंनी विचारलं.

"नाई."

"अन् शेठले आपण?"

दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मी बॅटरीचा डबा पाहू लागलो!

*

गुलाबभाऊ सगळ्यात जुने मुन्शी. फोन हातात पडताच त्यांनी घरच्या बाईच्या टिकल्या आणल्या आणि पुढच्या-मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर चिकटवल्या. "उघडा डोळा बरा नाई."

संध्याकाळी फोटो आला, नुसता काळा. शेठ फोनवर ओरडले, "गुलाब, तुह्या फळीवर अमावस्या हाये का?"

गुलाबभाऊ शांतपणे म्हणाले, "फोन तुमचाच हाये शेठ. त्याले दिसन तेवढंच दाखवते!"

*

फोन बोलणंही ऐकतो, असं सगळे मुन्शी धरून होते. राजन्ना तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याचे. ते मात्र फोनसमोर बिनधास्त शेठला शिव्या घालायचे, तेलुगूत. "फोन चंद्रपूरचा हाये. त्याले काय समजते?"

मी हळूच म्हणालो, "अन्ना, शेठचं अर्धं लहानपण सिरोंच्यातच गेलं."

त्या दिवशी राजन्ना कोणत्याच भाषेत बोलले नाहीत!

*

मग मुन्शी लोकांनी नवी पद्धत काढली. गोदामात जमले की सगळे फोन कोरड्या रांजणात टाकायचे, वर पोत्याची घडी, त्यावर झाकण. मगच तोंड उघडायचं. एकदा मी पाण्याची कळशी घेऊन नेमका तिथे पोहोचलो. कवडूभाऊंनी रांजणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आता तुले कुठी ठेवाचं?"

*

एका दुपारी शेठनी ऑफिसात बोलावलं. नकाशावर गुलाबभाऊंचा ठिपका फळी सोडून पार नाल्यापलीकडे! दुपारी ते डोहावर मासे धरायला जातात, हे मला ठाऊक होतं. आणि फळी सोडणाऱ्याला कामावरून काढीन, असं शेठनी बजावलेलं.

"गुलाब कुठी हाये?"

खरं बोललो तर गुलाबभाऊंचं काम जाणार, आणि मी कायमचा शेठचा कान ठरणार.

"फळीवरच असतीन शेठ. हा मॉडेलच खराब निघाला. माणूस असते एकीकडे, लोकेशन दाखवते भलतीकडे."

"तूनंच निवडला ना?"

"हो. चुकलो."

आपलंच काम गेलं, असं मी धरून चाललो. शेठ उठले, बाहेर कोणी नाही ना पाहिलं आणि दार लोटलं. खिशातून स्वतःचा फोन काढला. तेच मॉडेल, आणि त्यावरही लोकेशन चालू! त्यांनी घरचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"आता जे सांगतलं ना, ते जसंच्या तसं तुह्या काकूले सांग!"