हळदीचं बोट

आमची रेणुकाअक्का नांदेडला भौतिकशास्त्राची प्रोफेसर आहे. लोहा तालुक्यातल्या आमच्या गावातून या विषयात पीएचडी केलेली पहिली बाई. मी धाकटी, उज्वला. लातूरला मी शिकवते त्या शाळेत कुणी बहिणीचं नुसतं विचारलं, की मी अर्धा तास थांबत नाही. थांबू कशाला?

अक्काचं काम साधं सांगायचं तर असं: काचेच्या तुकड्यावर केसाहून पातळ थर चढवायचा, आणि हवेत विषारी वायू आला की त्या थरातून जाणारी वीज किती बदलते ते मोजायचं. कारखान्यात गळती झाली तर माणसं मरायच्या आधी कळावं म्हणून. आमच्या वडलांना, आबांना, यातलं काही पटत नव्हतं. "संक्रांतीपस्तोर तुझी पीएचडी उरक, न्हाईतर जळकोटचं स्थळ पक्कं," असं त्यांनी बजावलं होतं. अक्का वाद घालत बसली नाही. सुट्टीच्या दिवशीही लॅब उघडू लागली.

त्या वर्षी खंडेनवमीला आमची माय डबा घेऊन एसटीनं नांदेडला अक्काच्या लॅबमध्ये गेली. त्या दिवशी आमच्यात कामाच्या हत्यारांची पूजा असते. विळ्याला, खुरप्याला, सगळ्यांना हळदकुंकू. अक्का चहा आणायला खाली गेली आणि मायनं पाहिलं, लेकीची एवढी हत्यारं बिनपूजेची! तिनं मशीनला कुंकू लावलं. अक्का नंतर ते बघून हसली. पण मायनं शेजारच्या काचेच्या तुकड्यालाही हळदीचं बोट लावलं होतं. डाग दिसला तशी घाबरली, पदरानं पुसून टाकला आणि गप्प बसली. देवा रे देवा, गप्प बसली!

पुढच्या आठवड्यात त्याच तुकड्यानं असं काही माप दिलं, की अक्काचे गाईड आनंदराज सर खुर्चीतून उठलेच. तिनं मला फोन केला, "उज्वला, सुटले गं मी." पण तिची खोड वाईट. एकदा आलेलं माप पुन्हा आल्याशिवाय तिला घास गोड लागत नाही. तिनं नवे तुकडे केले, परत केले. एकही तसं वागेना. सर म्हणाले, "आलंय ना माप? लिहून टाका." खरं सांगू, मी असते तर लिहून मोकळी झाले असते.

दिवाळीला ती घरी आली ती तोंड उतरवूनच. एकच तुकडा वेगळा का वागतो, हे मला सांगत होती. माय करंज्या तळत होती. झारा तसाच हातात धरून म्हणाली, "म्या हळद लावली होती गं त्याला."

अक्कानं विचारलं, "पुसली कशानं?"

"पदरानं."

अक्का हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. माप थराचं नव्हतं, हळदीचं होतं; तिनं ते प्रबंधातून काढून टाकलं. म्हणजे अर्धं काम नव्यानं, आणि संक्रांत गेली हातची.

आबांनी जळकोटला फोन लावायला घेतला. तेव्हा माय उठून त्यांच्यापुढं उभी राहिली. जन्मात त्यांच्यासमोर मान वर न केलेली बाई! "चूक माझी हाय. माझ्या चुकीपायी लेकीला कामून उजवता? ठेवा तो फोन." आबांनी फोन ठेवला.

अक्काला पीएचडी पुढच्या वर्षी मिळाली, साध्यासुध्या पण खऱ्या मापांवर. जळकोटचं स्थळ कुठं जुळलं कोण जाणे.

माय अजून दर खंडेनवमीला नांदेडला जाते. गुडघे लई दुखतात, तरी जाते. लॅबच्या दारात चपला काढते, पण आत पाऊल टाकत नाही. "नको बाई, कशाला तरी हात लागंल." मग अक्काच बाहेर येते आणि दोन्ही हात पुढं करते. माय तिच्या एकेका बोटाला हळदकुंकू लावते. त्या दिवशी अक्का कशाला हात लावत नाही. लॅबला कुलूप घालते आणि पायरीवर बसून मायचा डबा उघडते.