विवरातून आलेल्यांना हसवणारी दामारेता

आमच्या लेबाडिया गावात ट्रोफोनिओस देवाच्या विवरात त्याला प्रश्न विचारायला उतरलेला माणूस वर येतो, तेव्हा त्याचं हसू आतच राहिलेलं असतं. आत काय दिसतं ते ज्याचं त्याला ठाऊक. पांढराफटक पडलेल्या त्या गड्याला पुजारी म्नेमोसिनीच्या आसनावर बसवतात आणि सगळं वदवून घेतात. म्नेमोसिनी म्हणजे आठवणीची देवी, क्रोनोसची सख्खी बहीण, थोरल्या देवांच्या पिढीतली. उतरण्याआधी तिच्या झऱ्याचं पाणी पाजलेलं असतं, त्यामुळे माणूस एक अक्षरही विसरत नाही. पुजारी ते फळीवर लिहून देवळात टांगतात आणि माणूस दामारेताच्या ताब्यात देतात.

नदीकाठच्या धर्मशाळेत दामारेताने सव्वीस वर्षं हेच केलं. बळीचं मांस शिजवायचं आणि आलेल्याला हसवायचं. ती माहेरची खायरोनिया गावची. ज्या कड्यावर रियाने आपल्या नवऱ्याला, क्रोनोसला, फसवलं त्याच कड्याखालची. त्यामुळे थोरले देव तिच्या लेखी माहेरचे शेजारी. सुन्न बसलेल्या पाहुण्यापुढे ताट सरकवून ती म्हणायची,

“जेव बाबा. आमचा क्रोनोस पोटची पोरं गिळायचा, तर बायकोने बाळाऐवजी दुपट्यात धोंडा गुंडाळून दिला. तोही गिळला, आणि बाबाला कळलंसुद्धा नाही! आता तूच सांग, रियाचा रोजचा स्वयंपाक कसा असेल?”

बहुतेक जण इथेच फिसकन हसत. काहींना तीन-चार दिवस लागत, पण तिने कुणाला तसंच परत पाठवलं नाही. ती माणसं पुढे आठवणीने अंजीर धाडत, चीजचा गोळा धाडत. त्यातला पहिला घास ती म्नेमोसिनीच्या झऱ्यावर ठेवून येई.

आणि अशा बाईचा स्वतःचा नवराच चाळीस दिवस हसला नाही.

केफिसियास पाथरवट. त्यांचा एकुलता एक मुलगा, थीओझोटोस, चार वर्षांपूर्वी नशीब काढायला जहाजाने सिसिलीला गेला, तो गेलाच. ना निरोप, ना माणूस. शेवटी दामारेतानेच नवऱ्याच्या मागे टुमणं लावलं, “अहो, जा आणि एकदाचं विचारून या. पोरगा आहे की नाही, कळू तरी दे.”

केफिसियासने कित्येक दिवस नदीच्या गार पाण्यात अंघोळी केल्या, मेंढा दिला, आतल्या सापांसाठी हातात मधाचे वडे धरून विवरात उतरला. वर आला, आसनावर बसून पुजाऱ्यांना काय सांगायचं ते सांगितलं आणि घरी येऊन मुका झाला. दगड घडवायचा, जेवायचा, पण बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. रियाच्या स्वयंपाकाचा विनोद त्याच्यापुढे काय चालणार? सव्वीस वर्षं ऐकलेला!

दामारेताला वाचता येत नव्हतं. पुजाऱ्याला म्हटलं असतं तर त्याने फळी वाचून दाखवली असती. पण ती देवळापाशी आली की मान फिरवून चालू लागे. जोवर विचारलं नाही, तोवर पोर जिवंत, असं ती स्वतःला बजावायची, पण नवऱ्याचा चेहरा पाहून मन ते मानत नव्हतं. पोराचं नाव मात्र घरात कुणी घेईना.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी ऑर्कोमेनोसचा एक व्यापारी त्यांचं म्हातारं खेचर विकत मागायला आला. दामारेता म्हणाली, “न्या. आता ठेवायचं तरी कुणासाठी?”

केफिसियास हातोडा टाकून धावत आला. “खेचर विकायचं नाही! देवाने सांगितलंय!”

“कुठल्या देवाने?”

“ट्रोफोनिओसने.”

“त्याला आपलं खेचर कुठून माहीत?”

केफिसियास उंबऱ्यावर बसला. “मीच विचारलं. आत अंधार, सापांची सळसळ. आवाज आला, काय हवंय? पोराचं नाव अगदी ओठांवर होतं गं. पण वाटलं, नाही म्हणाला तर? जीभच वळेना. आणि तोंडातून निघालं, खेचर विकू का?”

“मग?”

“नको म्हणाला.”

दामारेता म्हणाली, “एवढा मेंढा कापला, कुडकुडत अंघोळी केल्यात, आणि खेचर? अहो, चाळीस दिवस मी मनातल्या मनात पोराला अग्नी देऊन बसलेय!”

“तुला कुठल्या तोंडाने सांगू? विसरून जावं म्हटलं, तर त्या म्नेमोसिनीबाईचं पाणी प्यायलोय!”

आधी ती हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो. मग केफिसियासचे खांदे हलू लागले आणि तोही हसला, रडला, पुन्हा हसला. व्यापाऱ्याला काही कळलं नाही, पण तोही हसत खेचराशिवाय परत गेला.

“पुन्हा उतरू का?” केफिसियासने विचारलं.

“नका,” ती म्हणाली. “थीओझोटोस येईल तेव्हा येईल.”

दुपारी मधाचा वडा घेऊन ती म्नेमोसिनीच्या झऱ्यावर गेली, पाण्याशी वाकली.

“बाई, माझा पोर कुठे आहे ते मला ठाऊक नाही. पण दारातून तो ‘आई’ अशी हाक कशी मारतो, ते तू मला विसरू दिलं नाहीस. तुझे उपकार आहेत.”