पोचपावतीवरची सही खरी होती

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं पुसट झाली, पण निर्मळ गावच्या त्या बाई अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात आल्या ती दुपार मी विसरलेलो नाही.

बाई निवृत्त शिक्षिका, अविवाहित. वडिलोपार्जित केळीच्या वाडीत त्यांचा निम्मा हिस्सा, उरलेला भाच्याचा. भाच्याने ती अख्खी वाडी सातिवलीतल्या एका गोदामवाल्याला विकायला काढली होती. आत्याने हिस्सा तोंडी सोडलाय, तशी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली, तिने हरकत घेतली नाही, असं तो सांगत फिरत होता. पुरावा म्हणून पोचपावती.

“सही तुमचीच?” मी विचारलं.

“माझीच. पण पाकिटात नोटीस नव्हती, साहेब. चर्चमधल्या नोव्हेनाच्या, नऊ दिवसांच्या प्रार्थनेचं पत्रक होतं.”

शिकलेली बाई, हरकतीची मुदत चुकली म्हणून कांगावा करत असेल, असा मला संशय आला. पोस्टमननेही जबाबात सांगितलं की बंद पाकीट त्याने बाईंच्याच हातात दिलं होतं. मग भाच्याच्या वकिलाकडे चौकशी केली. नोटीस तिथेच टाइप झाली होती, पण “मीच पोस्ट करतो” म्हणून भाचा ती घेऊन गेला होता. इथे संशयाची दिशा बदलली.

भाच्याला बोलावलं. मी काही विचारण्याआधीच त्याने पावत्यांच्या झेरॉक्स पुढे मांडल्या. इतकी तयारी करून येणारा माणूस मला खटकतो. आमच्याच टपालातलं एक बंद पाकीट मी टेबलावर पालथं ठेवलं.

“आत्याने पाकीट फोडलंच नसेल तर? पंच बोलावून तुमच्यासमोर उघडू या?”

आत नोटीस असती, तर तो ‘उघडा’ म्हणाला असता. त्याने मांडलेल्या झेरॉक्स गोळा करायला घेतल्या.

“पंच कशाला, साहेब? घरातल्या घरात मिटवतो. आत्याशी एकदा बोलू द्या.”

“का? आत काय आहे?”

तो म्हणाला, “चर्चमधलं पत्रक.”

बाहेर बाकावर बसलेल्या बाईंना मी हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, “मला वाटलं होतं, पोराने आठवणीने पाठवलं. रोज त्याच्यासाठीच प्रार्थना करत होते.” चष्मा पुसून त्यांनी मान वर केली. “गुन्हा नोंदवा.”

व्यवहार थांबला. पोचपावतीवरून पाकीट मिळालं एवढंच कळतं, आत काय होतं ते नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. आता ओळखीच्यांना सांगतो, रजिस्टर्ड पाकीट शेजाऱ्यासमोर फोडा, भलतंच काही निघालं तर पाठवणाऱ्याला लगेच लेखी कळवा.

“नातेवाइकाचं असलं तरी?” लोक हसून विचारतात.

त्याचं तर नक्कीच.