पाय जमिनीला टेकणारी खुर्ची

शोभा गेल्याचा फोन तिच्या मिस्टरांनी केला, तेव्हा मी लोणारच्या बसस्टँडवर गाडीत बसले होते. तिलाच भेटायला दवाखान्यात निघाले होते. "मंदाताई, आता सावकाश या..." एवढंच ते म्हणाले. माझे डोळे बघून शेजारच्या बाईनं विचारलं, "कोन गेलं वं?" मी म्हटलं, "मैत्रीण. कादंबरी लिहिली होती तिनं." एका शाळेत इतकी वर्षं शिकवलं, एका गल्लीत राहिलो, पोरांची लग्नं एकमेकींच्या अंगणात केली, आणि तोंडून निघालं ते हे! आता काही आठवड्यांनंतर वाटतं, बरोबरच निघालं.

शोभा मूळची पिंपळगाव राजाची. आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जायची. मोठ्यांच्या घरी गेली तर पायरीखाली, जमिनीवर बसायची. शोभा शिकली, लोणारला आमच्या शाळेत मराठी शिकवू लागली. पन्नाशी उलटल्यावर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं आईवर कादंबरी लिहायला घेतली. तिच्या घरात घडलेलंच त्यात होतं. मास्तरीण झालेली लेक आईसाठी सुताराकडून लाकडी खुर्ची बनवून आणते. घरातली पहिली खुर्ची. पण आई तिच्यावर बसत नाही. पाहुणा आला की त्याला देते, एरवी तिच्यावर वाकळा घडी करून ठेवते. लेक रागावते, तेव्हा आई म्हणते, "माहे पाय लोंबकळतात वं तिच्यावर. लोंबकळत्या पायानं बसनं म्हनजे कोनी उचलून ठेवल्यावानी वाटते." मग एक दिवस लेक शाळेत गेल्यावर आई स्वतःच सुताराला बोलावते, आपल्या गुडघ्याचं माप देते आणि खुर्चीचे पाय कापून घेते. शेवटच्या पानावर ती खुर्ची दाराबाहेर मांडते, ज्या रस्त्यानं सारं गाव जातं त्या रस्त्याकडे तोंड करून, आणि बसते. पाय जमिनीवर, नीट टेकलेले. कादंबरी तिथे संपते.

पुण्याच्या एका प्रकाशकांना ती आवडली. त्यांनी शोभाला बोलावून घेतलं. सोबत मीही गेले. गृहस्थ सज्जन होते, चहा दिला, भाषेचं कौतुक केलं. मग म्हणाले, "बाई, शेवट तेवढा बदला. खुर्ची हे तुमचं प्रतीक आहे. गावातल्या लोकांनी ती मोडली, जाळली, तर वाचक हादरेल. प्रतीक उद्ध्वस्त झालं की अर्थ पुरा होतो." शोभानं शांतपणे कप खाली ठेवला, बाड उचललं आणि म्हणाली, "विचार करून सांगते." जिन्यावर मी विचारलं, "काय विचार करणार आहेस?"

"कायचा विचार!" ती म्हणाली. "माह्या मायची खुर्ची गावानं मोडली नाई, मंदे. मोडाची लय जनाइच्या मनात होती, पन हिंमत झाली नाई. अन् जे त्याइले जमलं नाई ते मी करून देऊ? माह्या हातानं?"

पुढची काही वर्षं ते बाड कपाटात पडून होतं. मला वाटायचं, ती खचेल. पण ती वर्गात तितक्याच तडफेनं शिकवत राहिली आणि शेवटाची एक ओळही तिनं हलवली नाही. अखेर खामगावच्या एका लहान प्रकाशकानं कादंबरी जशीच्या तशी छापली. ती हातोहात गेली. पुरस्कार मिळाला, कॉलेजात अभ्यासाला लागली. पुण्याचे ते गृहस्थ समारंभाला स्वतः आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंचं बरोबर होतं." शोभानं त्यांना आग्रहानं जेवायला थांबवून घेतलं.

बुलढाण्याच्या एका कॉलेजात कादंबरीतल्या वस्तूंवर चर्चासत्र झालं. एका तरुण प्राध्यापिकेनं फार सुरेख निबंध वाचला. खुर्ची म्हणजे सत्ता, आणि त्या बाईनं सत्तेपुढे स्वतःला मोठं न करता सत्तेलाच आपल्या मापाचं केलं, असं तिचं म्हणणं. मग तिनं भीतभीत विचारलं, "मॅडम, तुमच्या मनात हेच होतं ना?" शोभा हसली. "माझ्या मनात एवढंच होतं, की माय बुटकी होती. पण तुम्ही म्हणता तेही खरं आहे. वस्तू आधी माणसाच्या कामाला आली पाहिजे, बाई. मग तिच्यात अर्थ आपोआप मुरतो. मी तिला नुसतं प्रतीक म्हणून आणलं असतं, तर माय तिच्यावर बसली नसती." सभागृहात टाळ्या थांबेनात... मी त्या दिवशी तिच्याहून जास्त मिरवले!

तरी तिचा खरा विजय मी पाहिला तो सोनाळ्याला. आजार कळल्यानंतरची गोष्ट. तिथल्या वाचनालयाच्या एका खोलीत बाया दर रविवारी जमून कादंबरी मोठ्यानं वाचत होत्या. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना शोभा गेली. शेवटचं पान तिनंच वाचलं. मग भिंतीला टेकून बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या गंगूआजीनं विचारलं, "पोरी, तुही माय तशी रस्त्यावर बसली, त कोनी काईच म्हनलं नाई?"

"म्हनलं ना, आजी. लय म्हनलं."

"मंग पुस्तकात काऊन नाई?"

"जागा माह्या मायची होती," शोभा म्हणाली. "त्याइले कायले देऊ?"

बाया अशा हसल्या, की रस्त्यावरचे लोक दारात डोकावून गेले.

मागच्या रविवारी मी एकटीच सोनाळ्याला गेले. वाटलं होतं, खोली बंद असेल. दार उघडं होतं, बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या, एक सून वाचत होती. शेवटचं पान झालं, तिनं पुस्तक मिटलं. कोणी उठेना. गंगूआजीनं पदरानं तोंड पुसलं, पाठ ताठ केली आणि म्हणाली, "उघड बरं पुन्हा. माय बसते, तेथून वाच."