मेट्रनबाईंची सहा फूट जागा

१ नोव्हेंबर. दुपारी बादलीत चुना भिजत घातला. उद्या दोन तारीख, आमच्या ख्रिस्ती मंडळीचा कबरींचा दिवस. सकाळी पाळक येतील, गाणी होतील, मेणबत्त्या लागतील. त्याआधी आज उजेड असेपर्यंत माझ्याकडच्या तीन कबरी पांढऱ्या व्हायला हव्यात. चुना अजून गरम आहे. तो निवेपर्यंत हात रिकामे, म्हणून हे लिहून काढते.

मेट्रनबाईंना हाका ऐकू यायच्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्यांना ओळखणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तेच सांगतो. लोणावळ्याला आमच्या मुलींच्या बोर्डिंगात त्या मेट्रन होत्या. भात वाढताना, कुणाच्या वेण्या घालताना, कुणाला रागावताना मध्येच त्यांची मान दाराकडे वळायची. कपाळावरच्या आठ्या जायच्या आणि त्या म्हणायच्या, "हो, आलेच." दारात कुणी नसायचं. पावसाळ्यात तर धुकं इतकं आत यायचं की दारही दिसत नसे. मग त्या वेणीचा सुटलेला पेड पुन्हा हातात घ्यायच्या आणि राहिलेलं रागावणं पुरं करायच्या. नव्या मुली रडायच्या. आम्ही जुन्या त्यांना सांगायचो, "बाईंना प्रभू बोलावतो. तुला नाही बोलावत, जेव."

मी आठ वर्षांची असताना टाकव्याहून तिथं आले. पुढं आंबीला गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये पॅकिंगची सुपरवायझर झाले, तरी ती हाक काही माझ्या डोक्यातून जाईना. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. बाई निवृत्त होऊन आमच्या चर्चजवळ राहायला आल्यावर एकदा मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी यंत्रं लावून अर्धा तास तपासलं आणि म्हणाले, "यांचे कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत." रिक्षात बसल्यावर बाई म्हणाल्या, "सुलभा, तुझे एकदा दाखवून घे गं."

"आवाज तरी कसा येतो?" मी विचारलं.

"मोठ्यानं नाही. शेजारच्या खोलीतून आपल्या माणसानं बोलवावं तसा."

"आणि काय म्हणतो?"

"नाव घेतो. एवढंच."

मी रिक्षावाल्याला पुढं सोडायला सांगितलं आणि विषय बदलला. पण त्या रात्री मी घरात शेजारच्या खोलीचं दार लावून घेतलं, हेही खरं.

"थाटू नका, नुसतं उतरा," हे बाईंचं आवडतं वाक्य; जग म्हणजे त्यांना धर्मशाळा. बोर्डिंगात कुणी पलंगाजवळ नटीचं चित्र लावलं, उशीखाली पावडरचा डबा ठेवला, की त्या दारात उभ्या राहून तेवढंच म्हणायच्या. त्यांची स्वतःची एक ट्रंक होती. तिच्यात दोन पांढऱ्या साड्या, बायबल, गीतांचं पुस्तक. खोलीत आरसा नव्हता, भिंतीला खिळा नव्हता. दिलेली वस्तू त्यांच्याकडे टिकत नसे. आम्ही जुन्या मुलींनी मिळून कुकर दिला, तो धुणं करणाऱ्या बाईकडे गेला. मी स्वेटर दिला, तर पंधरा दिवसांनी तो परंदवडीच्या दूधवालीच्या अंगात. मी भांडायला गेले. बाई म्हणाल्या, "फार ऊबदार आहे म्हणते ती. तुझी आठवण काढते."

"आणि तुम्ही थंडीनं काकडत बसा."

"मला इथलं काही नकोसं झालंय असं नाही गं. तिकडचं जास्त हवंय."

हे त्या इतक्या सरळ म्हणायच्या, की वाद घालायला जागाच उरत नसे. सणाला माहेरी जायचं ठरलेल्या बाईचा पाय घरात ठरत नाही, तशा त्या आयुष्यभर राहिल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला दिली नव्हती. त्यांचा नवरा रेल्वेत गँगमन होता. लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं, तेव्हा घाटात दरड कोसळली, त्यात तो गेला. आमच्या कबरस्तानात, डोंगराच्या अगदी पायथ्याला, त्याची कबर आहे. तिच्या शेजारची जागा बाईंनी तेव्हाच स्वतःसाठी राखून घेतली होती. भोवती विटांची ओळ होती, आत फक्त गवत. दर एक नोव्हेंबरला बाई नवऱ्याच्या कबरीला चुना द्यायच्या आणि मग त्या रिकाम्या जागेच्या विटांनाही द्यायच्या, एकेक वीट, चारी बाजूंनी. आम्ही शेजारी आपापल्या मेलेल्या माणसांना रंगवत असू आणि त्या स्वतःला.

श्रावणातल्या एका दिवशी त्या घरी सापडल्या नाहीत, म्हणून मी छत्री घेऊन कबरस्तानात गेले. दुपारचे चार वाजले होते, पण धुक्यामुळं हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. क्रूस एकदम समोर यायचे आणि मागं सरकल्यासारखे नाहीसे व्हायचे. विटांच्या ओळीशी आले आणि थांबले. बाई आत झोपल्या होत्या. पांढरी साडी, हात छातीवर, डोळे उघडे. पापण्यांवर पाणी साचलं होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"बाई."

"माप बघतेय," त्या आडव्याच म्हणाल्या. "उंची कमी झाली गं माझी. पायाशी जागा उरते."

"उठा. न्यूमोनिया होईल."

"पाय पूर्वेला आहेत ना, नीट बघून सांग. पुनरुत्थानाच्या दिवशी उठून बसलं की समोर उजाडलेलं दिसायला हवं. हा शेजारचा डावीकडं असेल."

मी त्यांना हाताला धरून उठवलं. हात बर्फासारखा होता. त्या खाली वाकल्या, नवऱ्याच्या कबरीवर दोन बोटं टेकवून "येते हं" म्हणाल्या आणि माझ्या छत्रीखाली आल्या. फाटकाशी कबरी खणणारे आबा बिडी ओढत बसले होते. आबा माझ्याच गावचे. मी म्हटलं, "आबा, तुम्ही बघताय आणि उठवत नाही?"

"म्या चारदा बघितलंय," आबा म्हणाले. "पयल्या बारीला कुदळ टाकून पळालो. तर बाई आतनं म्हनल्या, आबा, आजून न्हाई. आता मी काय बोलत न्हाई. त्येंची जागा हाये, त्या निजत्यात."

मागच्या वर्षी गणपतीच्या सुमारास आंबीच्या एका कंपनीतली मुलगी तापानं गेली. ओडिशाची, आपल्याच धर्माची, बावीसेक वर्षांची. दोघं नवराबायको एका खोलीत भाड्यानं राहायची. तिचा नवरा ॲम्ब्युलन्स घेऊन थेट आमच्या चर्चच्या फाटकाशी आला. चर्चच्या व्हरांड्यात कबरस्तानाची कमिटी बसली, बाईंना आणि मलाही बोलावलं होतं. नवी जागा कुणाला द्यायची नाही, असा ठराव आधीच झालेला होता, कारण जागाच नव्हती. राखीव म्हणून दोनच उरल्या होत्या. एक मेट्रनबाईंची आणि एक माझी, माझ्या नवऱ्याशेजारची.

सेक्रेटरी कुणाकडेही न बघता म्हणाले, "पुण्याला न्यावं लागेल. तिथं ओळख नाही, आज होणार नाही." मुलीचा नवरा पायरीवर बसला होता. त्याला मराठी येत नव्हती. थोड्या थोड्या वेळानं तो वर बघायचा आणि एकच विचारायचा, "कहाँ ले जाऊं?"

मी पर्समध्ये किल्ल्या शोधू लागले. त्या हातातच होत्या. मग मला कशाचा राग आला कोण जाणे, मी बाईंकडे वळून म्हटलं, "स्वेटर दिला, कुकर दिला. तिकडचंच हवं म्हणता ना? मग इथली सहा फूट जमीन कशाला अडवून बसलात?"

बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ओठ पांढरे पडले. "ती नाही," त्या म्हणाल्या. "सुलभा, ते सोडून काहीही माग."

माझी जागा त्यांना माहीत होती. त्यांनी विचारलं नाही.

मग बाईंची मान चर्चच्या दाराकडे वळली. आम्ही सगळ्यांनी ओळखलं. पण या वेळी त्या "आलेच" म्हणाल्या नाहीत. त्यांचा चेहरा हलका झाला नाही. त्या कान देऊन ऐकत राहिल्या, आणि मग त्या मोकळ्या दाराला त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हणालास?"

व्हरांड्यात पावसाचं पाणी ठिबकत होतं तेवढाच आवाज. सेक्रेटरींनी अंगावर शाल ओढून घेतली. बाई भिंतीला धरून उठल्या आणि पायरीवर जाऊन त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"जागा आहे," त्या सेक्रेटरींना म्हणाल्या. "माझी आहे. आबांना बोलवा."

आबांनी विटा काढल्या, कुदळ मारली, मुलीला पूर्वेकडं पाय करून ठेवलं. पाळकांची प्रार्थना होईपर्यंत बाई ताठ उभ्या होत्या. घरी पोचवताना मी त्यांना विचारलं, "काय म्हणाला तो?"

"नाव नाही घेतलं या वेळी," बाई म्हणाल्या. "विचारलं. म्हणाला, तू नक्की कुणाकडं यायला निघालीयस, माझ्याकडं की त्याच्याकडं?"

माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो मला मान्य नव्हता.

त्या दिवसापासून हाका थांबल्या. बाई बोलताबोलता मान वळवायच्या, थांबायच्या, आणि मान परत सरळ करायच्या. ते बघणं हाकेपेक्षा वाईट होतं. त्यांचं घर इतकं शांत झालं की मीच शेजारच्या खोलीकडं कान लावून बसे. एकदा न राहवून मी म्हटलं, "बाई, तुम्हाला असं फसवल्यासारखं वाटत नाही? जागाही गेली आणि आवाजही."

"वाटलं होतं, चार दिवस," त्या म्हणाल्या. "आता कळतंय, इतकी वर्षं मी हाकेवर जगत होते. आशा आता कुठं सुरू झालीय."

या एप्रिलात, दुपारी, तांदूळ निवडता निवडता त्या गेल्या. मी पोचले तेव्हा ताट मांडीवर सरळ होतं, एक दाणा सांडला नव्हता. मान दाराकडे वळलेली होती. त्यावर मी काही म्हणत नाही, जे पाहिलं ते लिहिलं.

त्यांना पुण्याच्या मोठ्या कबरस्तानात न्यावं लागलं. तिथं नंबर मिळतो आणि खड्डे भिंतीच्या ओळीनं असतात. माती पडून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की पाय उत्तरेला गेलेत. आठवडाभर जेवण गेलं नाही. मग बाईंनीच झापलं असतं असं वाटलं, आणि सोडून दिलं.

कमिटीनं परवा मला कागद पाठवलाय. राखीव जागा आता माझी एकटीचीच. ती कायम ठेवायची आहे का, सही करून कळवा. सही करायला एक मिनिट लागतं. आज तिसरा दिवस. चुना निवला असावा, उठते.

२ नोव्हेंबर. सकाळी साडेसहाला कबरस्तानात पोचले. काल अंधार पडल्यामुळं तिसरी, ओडिशाच्या मुलीची कबर राहिली होती. तिचा नवरा आधीच तिथं बसला होता. त्यानं माझ्या हातातून ब्रश घेतला आणि सगळी कबर स्वतः रंगवली, मी बादली धरली. गाणी सुरू व्हायच्या आधी सेक्रेटरींना गाठून कागद परत दिला.

"सही नाही, वहिनी?"

"नको. लागेल त्याला द्या."

"अहो, विचार करा. तुमचे मिस्टर तिथं एकटे पडतील."

"ते तिथं नाहीत," मी म्हटलं, आणि आठची पाळी गाठायला आंबीच्या जीपमध्ये बसले.