फळीवरच्या गाडीचा कौल

जतच्या स्टँडमागं माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. सत्तावीस वर्षांत विहिरीवरच्या आणि बोअरच्या किती जळक्या मोटारी बांधल्या, त्याला गणती नाही. करंट म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला येऊ नये, असं माझं स्वतःबद्दलचं मत होतं. सिद्धूअण्णा बंडगरांच्या घरातल्या बोटभर रुळांनी ते मत धुळीला मिळवलं. अजून मला त्याचा राग येतो.

सिद्धूअण्णा माझे शेजारी, वय पासष्टच्या पुढं. पिढीजात मेंढरं राखणारं घर. पन्नाशी जवळ आली तसा अण्णांनी कळप पोराच्या, इंद्रजितच्या, अंगावर टाकला आणि स्वतः सांगलीला एका बंगल्यावर वॉचमन म्हणून राहिले. बंगला रेल्वेतून रिटायर झालेल्या एका इंजिनिअर साहेबांचा. साहेबांना घरातल्या घरात छोटी रेल्वे मांडायचा नाद. तिला खेळण्यातली रेल्वे म्हटलेलं अण्णांना खपत नाही, मॉडेल म्हणायचं. फाटकाचं काम नसेल तेव्हा अण्णा आत जाऊन रूळ धरायचे, लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन त्याचं गवत करायचे, थर्माकोल कापून डोंगर उभे करायचे. पुढं साहेब मुलीकडे परदेशी गेले. जाताना दोन खोकी अण्णांच्या हवाली केली: एक इंजिन, चार डबे, रूळ, आणि करंट कमी-जास्त करायचा कंट्रोलर. ती घेऊन अण्णा जतला परतले. इंजिन वीतभरसुद्धा नाही. दोन रुळांमधलं अंतर मी दुकानातल्या मापानं मोजलं, नऊ मिलिमीटर भरलं.

अण्णांचं घर म्हणजे दहा बाय आठची एक खोली आणि मागं चूल. त्यात खाट, टीव्ही, ज्वारीची पोती. रेल्वेला जागा कुठली? अण्णांनी बायकोची, म्हणजे हरणावहिनींची, भांड्यांची फळी घेतली. भांडी पोत्यात गेली आणि फळीवर रूळ आले. फळी दारापासून भिंतीच्या कडेनं पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जाते. कोपऱ्यात परातीपेक्षा थोडी मोठी अशी प्लायवूडची गोल चकती ठोकली. दाराशी घरचं स्टेशन. तिथून गाडीनं सुटायचं, फळी संपेतो जायचं, चकतीवर गोल वळसा घ्यायचा आणि त्याच रुळानं तोंड पुढं करून घरी यायचं, असा बेत. वहिनींनी तीन दिवस तोंड फुगवलं. चौथ्या दिवशी त्यांनीच लोकरीच्या गोळ्या वळून फळीवर चिमुकली मेंढरं मांडली.

आता इंद्रजितचं सांगायला हवं. चार वर्षांमागं बिरोबाच्या जत्रेत, चार पावण्यांच्या देखत, तो बापाला म्हणाला की तुम्ही सांगलीत खुर्चीवर बसायचं आणि मी उन्हात मेंढरामागं हिंडायचं, हे जमणार नाही. बोलणं खरं होतं, म्हणूनच ते अण्णांना झोंबलं. ते भरल्या जत्रेत म्हणाले, पुन्हा माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको. पोरगं तडक निघालं आणि तमिळनाडूत सेलमला गेलं. तिथं आपल्या भागातल्या लोकांची सोनं-चांदी गाळायची दुकानं आहेत, गलाईची. त्यातल्या एकात ते लागलं. मेंढरं विकावी लागली ती लागलीच. दर गुरुवारी त्याचा आईला फोन येतो. दर गुरुवारी तो एकच सांगतो, अण्णांनी बोलावलं की येतो. आणि अण्णांचं उत्तर ठरलेलं, दार काय मी लावून घेतलंय व्हय? यायचं त्यानं यावं.

मला दोघांचाही संताप यायचा. पण शेजाऱ्यानं किती बोलायचं?

रुळाचा शेवटचा तुकडा जोडला त्या दिवशी अण्णांनी मला हौसेनं बोलावलं. कंट्रोलर फिरवला आणि त्याचा लाल दिवा लागला. गाडी जागची हलेना. कुठंतरी शॉर्ट होतंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी वायरी बदलल्या, रूळ पुसले, कंट्रोलर उघडून पुन्हा बंद केला. शेवटी वळसा संपून गाडी घरच्या रुळावर येते त्या तोंडाशी मी दोन्ही रुळांत केसाएवढी फट सोडली. मग गाडी सुटली. फळीवरून गेली, चकतीवर छान वळली, आणि त्या फटीवर चाक ठेवलं की लाल दिवा. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. दहा वेळा केलं. गाडी जायची, पण परत यायची नाही.

हरणावहिनी खाटेवर बसून बघत होत्या. दहाव्या खेपेनंतर त्या उठून चुलीकडे गेल्या. नंतर अण्णांनी मला सांगितलं की तिनं गाडीला कौल लावला होता. देवापुढं दगडावर फुलाच्या पाकळ्या चिकटवून विचारतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही, तसा. गाडी फिरून घरी आली तर पोरगं येईल, असं ती मनात बोलली होती. त्या दिवसापासून वहिनींनी रात्रीची भाकरी सोडली. शुगरच्या गोळ्या चालू असलेलं माणूस.

मी वहिनींना समजावलं, हा कौल नाही, शॉर्टसर्किट आहे. त्या म्हणाल्या, मग काढ की. मला काढता येईना.

तीन आठवडे मी दुकान लवकर बंद करून त्यांच्याकडे जात होतो. मी काय काय बोललो ते आठवून आता लाज वाटते. कधी म्हणालो मुंग्या आहेत, कधी म्हणालो लाल मातीत लोखंड असतं. इंजिन काढलं आणि फटीवर नुसता डबा ढकलला, तर काही होईना. इंजिन ठेवलं की दिवा. डोकं बधिर व्हायचं. अण्णांना म्हणालो, वळसा सोडा, गाडी जाऊ द्या आणि बटण उलटं करून तशीच माघारी आणा. अण्णा अडून बसले. इंजिन मागं आणि डबे पुढं अशी गाडी घरी येत नाही, लोक हसतील म्हणाले. कोण लोक? त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. पण खरं कारण मला ठाऊक होतं. पाठमोरी आलेली गाडी वहिनींनी कौलात धरली नसती.

एके दिवशी आमचं भांडण जुंपलं. अण्णा म्हणत होते, जाताना खिडकीकडचा रूळ तो येतानाही खिडकीकडचा. मी म्हणत होतो, जाताना गाडीच्या उजव्या हाताला असलेला येताना पण उजव्या हाताला. दोघांचंही बरोबर वाटत होतं आणि दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नव्हतं. आमची कटकट ऐकून वहिनींनी घोंगडीच्या लोकरीचे दोन धागे आणून आमच्यापुढं टाकले, एक काळा, एक पांढरा. म्हणाल्या, तोंडानं भांडू नका, लावून बघा.

एका रुळाला काळा धागा, दुसऱ्याला पांढरा. दारापासून फळीभर नेले, चकतीवरून गोल फिरवले आणि माघारी त्या तोंडाशी आणले. तिथं काळ्यापुढं पांढरा आला आणि पांढऱ्यापुढं काळा.

मी खाटेवर बसलो. गाडी वळून आली की तिच्या रुळांची अदलाबदल झालेली असते. घरचे रूळ मात्र होते तसेच असतात. प्लसला मायनस भिडतं आणि सगळं ठप्प. इतकी साधी गोष्ट, आणि सत्तावीस वर्षं मोटारी बांधणाऱ्याला ती लोकरीच्या धाग्यानं कळावी.

अण्णा मात्र धाग्यांकडं बघत पुटपुटले की मेंढरं माघारी वळवली की उजवीकडचा ओढा डावीकडं येतो, हे मला म्हाईत हुतं की गड्या, मग हितं का कळलं न्हाई?

दुरुस्ती अर्ध्या तासाची निघाली. चकतीचे रूळ दोन्ही तोंडांशी कापून वेगळे केले आणि त्यांना कंट्रोलरचा करंट थेट दिला. घरच्या रुळांना करंट उलटा करायचं एक बटण दिलं, दाराशी, फळीखाली. गाडी चकतीवर फिरत असतानाच इकडं घरी बसलेल्यानं बटण उलटं करायचं आणि चकतीच्या तोंडाशी रूळ फुटतात तो सांधा लांब काठीनं सरकवायचा. वेळेत केलं तर गाडी सुरळीत येणार. चुकलं तर परत ठप्प.

पहिल्या खेपेला अण्णांचा हात उशिरा गेला. दुसऱ्या खेपेला त्यांनी वेळेत बटण दाबलं. इंजिन फटीवरून गेलं, त्यामागं चार डबे गेले, आणि लोकरीच्या मेंढरांसमोरून गाडी तोंड पुढं करून दाराशी येऊन उभी राहिली. मला ओरडावंसं वाटत होतं. 

मग वहिनींनी मला विचारलं, "ज्योतिबा, गाडीत काय बदललंस?"

"गाडीत काही नाही, वहिनी. गाडी तीच आहे. फक्त घरच्या रुळांचा करंट उलटा केला."

"म्हंजी तिला यायचंच हुतं," त्या म्हणाल्या. "घरचं बदलत नव्हतं."

त्या अण्णांकडं बघतसुद्धा नव्हत्या. अण्णा बटणावर हात ठेवून तसेच उभे. त्यांचा चेहरा मी कधी इतका गोंधळलेला पाहिला नव्हता.

"ज्योतिबा," ते हळूच म्हणाले, "ह्यो कौल त्याला लागला का मला?"

 मी मोटारी बांधतो. एका बटणाचा आणि एका पोराचा काय संबंध, हे मला तेव्हाही उमगलं नाही आणि आजही नाही. पण तसं म्हणायला माझी जीभ रेटेना.

अण्णांनी वहिनींकडे हात पुढं केला. त्यांनी कमरेचा मोबाईल काढला आणि पोराचा नंबर लावून अण्णांच्या हातात दिला. चार वर्षांत त्या फोनवर बापलेक बोलले नव्हते. पलीकडून मोठ्यानं आवाज आला, आये, आज मंगळवारी कसा फोन? बरी हायेस न्हवं?

  एखाद्या अनोळखी माणसाला सांगावं तसं अण्णा म्हणाले, "मी सिद्धू बंडगर बोलतोय. जतवरनं."

स्वतःच्या पोराला नाव सांगणारा बाप मी पहिल्यांदाच बघत होतो. माझे डोळे भरून आले, लपवून काय करू. 

"जत्रंत बोललो ते मी माघारी घेतो," अण्णा म्हणाले. "मी बोलवतोय. घरला ये."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. अण्णांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला होता.