हनुवटीवरची तीट

नोकरीतल्या बहुतेक फायली मी विसरलो, पण एका तान्ह्या बाळाच्या हनुवटीवरची तीट अजून डोळ्यांपुढे आहे.

तेव्हा मी पुण्याच्या कडेच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. कार्बन लावून जबाब लिहायचे, कटिंग चहा प्यायचा, असे ते दिवस होते. एक विमा अधिकारी तक्रार घेऊन आले. एका खासगी रुग्णालयाच्या बिलांत सर्दी झालेल्या प्रत्येक बाळापुढे एकच कोड होता. तो नाकातोंडावर मास्क लावून करायच्या श्वासाच्या महागड्या तपासणीचा होता.

"सगळ्याच बाळांना धाप लागावी इतकी काही पुण्याची हवा बिघडलेली नाही," ते म्हणाले.

विम्याच्या फॉर्मवर पालकांच्या सह्या होत्या. तेही सामील असणार असं धरून मी धायरीच्या एका तरुण बापाला दोन दिवस ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं.

"साहेब, कोऱ्या फॉर्मवरच सही घेत्यात. पोरगं कण्हत हुतं, वाचत कोण बसतंय? गुन्हा लागला तर नोकरी जाईल माझी."

"सही आपलीच ना? मग झालं तर," मी म्हणालो. आपल्या तिरकस बोलण्याचा मला तेव्हा भारी अभिमान होता.

बिलं करणारा कारकून ठाम होता. "तपासणी प्रत्येक बाळाची झालीय. ती बंद खोलीत होते, आईला आत घेत नाही."

तिसऱ्या दिवशी त्या तरुणाची बायको बाळ कडेवर घेऊन आली. "तपासणी झालीच न्हाई. आत नेलं तवा हनुवटीला तीट हुती, भाईर आणलं तवा जशीच्या तशी."

हवालदार हसले. मीही हसलो.

जेवताना घरी ते सांगितलं, तर बायको हसली नाही. "अहो, मास्क हनुवटीवरच टेकतो ना? मग तीट राहील कशी?"

सकाळी रुग्णालयात जाऊन तपासणीच्या खोलीत बाळांना तयार करणाऱ्या मावशींना विचारलं.

"काजळ असलं की मास्क घट्ट बसत नाही. आधी तीट पुसते, मगच बाळाला झोपवते."

"धायरीच्या त्या बाळाची पुसली होती?"

मावशींनी मान खाली घातली. "त्याचं नुसतं वजन केलं, साहेब."

तो जबाब वाचून दाखवल्यावर कारकून बोलू लागला. मालकाच्या सांगण्यावरून तो कोऱ्या फॉर्मांवर तोच कोड टाकत होता. त्या तरुणाचं नाव आरोपपत्रात साक्षीदार म्हणून गेलं आणि त्याची नोकरी वाचली.

पुरावा घेऊन आलेल्या बाईला आपण हसलो, ही लाज मला पुढे फार उपयोगी पडली. त्यानंतर कुणाचंही पुरतं ऐकल्याशिवाय मी हसलो नाही.

परवा नातीला त्याच तपासणीसाठी नेलं. तिथल्या मावशींनी ओल्या कापसानं तिची तीट पुसली आणि मला बाकावरचा तो बाप आठवला. त्याला सोडताना मी नुसतं "जा आता" म्हणालो होतो. "चुकलं माझं" म्हणायचं राहून गेलं.